गावकी, ग्रामसभा आणि एकजूट

जूचंद्रचे नाव निघाले की रांगोळीची आठवण होते. चंडिकादेवीच्या टेकडीचे, खार आणि मिठागरांना लागून असलेले हे आगरी वस्तीचे गाव रांगोळीकारांचे गाव म्हणून ओळखले जाते. मोठ्या रांगोळीला अनेक हात लागतात आणि त्या हातांना आपापसांत काही ठरवून घ्यावे लागते. गावाचे सार्वजनिक जीवनही असेच अनेक हातांचे असते. हे हात एकत्र का येतात आणि त्यांच्यात बिनसले म्हणजे काय करतात, या प्रश्नाकडे समाजवादी कार्यकर्त्याने जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिलेले नाही, असे आम्हांला वाटते.

खारभूमीतील गावांत या प्रश्नाचे मूळ उघड दिसते. उधाणाच्या भरतीने बांधाला खांड पडली, तर खारे पाणी एकाच्या शेतात थांबत नाही. साऱ्यांचे भात जाते. म्हणून बांध राखण्याचे काम कोणाच्या मर्जीवर सोडता येत नाही, घरटी माणूस द्यावा लागतो. न येणाऱ्यालाही बांधाचे संरक्षण आयते मिळते, हे अर्थशास्त्रातील जुने कोडे. गावांनी ते शिस्तीने सोडविले. देवाची जत्रा आणि लग्नाचा मांडव ही गावकीची दर्शनी रूपे. तिचा पाया अशा सामाईक श्रमात आहे.

या शिस्तीचे सामर्थ्य महाराष्ट्राने अलिबाग तालुक्यातील चरीला पाहिले. १९३३ ते १९३९ या काळात चरी व आसपासच्या पंचवीस गावांतील कुळांनी, ज्यांत आगरी शेतकरी बहुसंख्य होते, खोतांच्या जमिनी कसण्यास नकार दिला. नारायण नागू पाटील यांचे नेतृत्व या संपाला लाभले. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर चरीच्या शेतकरी परिषदेस आले आणि १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. सहा वर्षे जमीन पडीक ठेवून उपासमार सोसणे हे एकेकट्या कुळाच्या आवाक्याबाहेरचे होते. गाव एक होते म्हणूनच ते घडले.

परंतु तीच शिस्त खोताकडून वळून आपल्याच माणसावर रोखली गेली म्हणजे काय होते, हेही कोकणाने पाहिले आहे. एखाद्याने देवस्थानचा हिशेब विचारला, निवडणुकीत वेगळ्या उमेदवाराचे काम केले किंवा मनाप्रमाणे लग्न केले की त्याचे कुटुंब वाळीत पडते. त्याच्या दारी कोणी जात नाही, दुकानदार माल देत नाही, मयताला खांदा मिळत नाही. रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी मोठ्या संख्येने पुढे आल्या. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम चालविली आणि त्यातून २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा झाला. तो २०१७ पासून अमलात आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा त्यात आहेत. मुंबई राज्याने १९४९ मध्ये केलेला बहिष्कृतीविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरविला होता. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ वाळीत पडलेल्या माणसाला स्वतंत्र कायद्याचा आधार नव्हता. हा कायदा आवश्यकच होता. पण कायदा घर मोडल्यानंतर येतो. ते मोडूच नये, यासाठी गावात काय हवे?

अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक २००९ मध्ये एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना मिळाले. पाण्याचे पाट, चराऊ राने, मासेमारीची क्षेत्रे लोक पिढ्यान्‌पिढ्या एकत्र कशी सांभाळतात, याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. दीर्घकाळ टिकलेल्या गटांत त्यांना काही गोष्टी समान आढळल्या. नियम ज्यांना लागू होतात त्यांना ते बदलण्यात भाग असतो. चुकणाऱ्याला शिक्षा पायरीपायरीने होते. भांडण मिटविण्याची जागा जवळची आणि कमी खर्चाची असते. या कसोट्या आपल्या गावकीला लावून पाहाव्यात. वाळीत टाकणे ही जिथे पहिली आणि अखेरची शिक्षा असते, तिथे पायऱ्याच उरत नाहीत; आणि स्त्रिया बैठकीला बसत नाहीत, तिथे अर्ध्या गावाला नियम केवळ पाळावयाचे असतात.

काही मित्र म्हणतील की, गावकी ही सरंजामी संस्था आहे, ती मोडीत काढावी. आम्हांला हे मान्य नाही. गावकी मोडली तर तिची जागा व्यक्तिस्वातंत्र्य घेत नाही. जमिनीचा दलाल आणि ठेकेदार घेतो. खरा पर्याय तिच्याशेजारी खुली सभा उभी करण्याचा आहे. ग्रामसभा ही अशी सभा होती. तेथे जन्म किंवा वर्गणी पाहिली जात नाही, मतदारयादीतले नाव पाहिले जाते. नवी सून, भाडेकरू, पाड्यावरचा आदिवासी यांना तेथे हक्काने उभे राहता येते. ठराव लिहिले जातात, हिशेब मागता येतो, स्त्रियांची सभा आधी भरविण्याची कायद्यात तरतूद आहे. पुष्कळ ठिकाणी गावकीने आदल्या रात्री ठरवावे आणि ग्रामसभेने त्यावर सह्या कराव्यात असे होत असे, हे खरे. तरी सही न करण्याचा हक्क शाबूत होता.

३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि त्रेपन्न गावे मिळून वसई-विरार महापालिका झाली. गावे वगळण्यासाठी आंदोलने झाली, कर आणि हरित पट्ट्याची चर्चा झाली. पण जूचंद्रसारख्या गावाने ग्रामसभा गमावली, याचा हिशेब फारसा कोणी मांडला नाही. २०२० मध्ये पहिल्या फेऱ्यांतील लोकप्रतिनिधींची मुदत संपल्यावर तर कित्येक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. आज गावात देवस्थानची समिती आहे, मंडळे आहेत. नव्या इमारतींत गृहनिर्माण संस्था आहेत. प्रत्येकीची सभा स्वतःच्या दारापाशी संपते. गावठाणातला मनुष्य आणि इमारतीतला मनुष्य पाण्याच्या पाळीवरून, नाल्यावरून किंवा ध्वनिक्षेपकावरून भांडले, तर दोघांनी समोरासमोर बसावे अशी जागा नाही. दोघेही वेगवेगळ्या वाटांनी एकाच पुढाऱ्याच्या दारी जातात. भांडण मिटत नाही, पुढारी मोठा होतो.

हे लिहिताना आम्ही स्वतःला वगळीत नाही. प्रजा समाजवादी पक्ष १९५२ मध्ये झाला आणि १९५५ मध्ये मधू लिमये यांच्या निलंबनातून व लोहियांच्या बाहेर पडण्यातून तो फुटला. १९६४ मध्ये जोडले, लगेच तोडले, १९७१ मध्ये पुन्हा जोडले. मतभेद होते म्हणून हे झाले, असे आपण सांगत आलो. मतभेद प्रत्येक जिवंत पक्षात असतात; ते सोसण्याची रीत आपण घडविली नाही. गावकीने वाळीत टाकावे आणि आपण निलंबित करावे, यांत शब्दाखेरीज फरक किती?

म्हणून कार्यकर्त्यांपुढे आम्ही साधे काम ठेवतो. ज्या मंडळात, समितीत, संस्थेत आपण आहोत, तेथे वर्षाचा हिशेब सभेत मोठ्याने वाचला जावा आणि विरोधी मत नावानिशी इतिवृत्तात नोंदले जावे, असा आग्रह धरावा. महापालिका कायद्यातील क्षेत्रसभेची तरतूद कागदावरून उतरविण्यासाठी नगरसेवकांच्या मागे लागावे. ती होईपर्यंत गावठाण आणि इमारती यांची संयुक्त बैठक महिन्यातून एकदा शाळेच्या पटांगणात भरवावी. स्त्रियांना प्रथम बोलू द्यावे. पहिल्या बैठकीला दहाच माणसे येतील आणि त्यांतली चार भांडतील. त्या चौघांना पुढच्या बैठकीचे आमंत्रण घरी जाऊन द्यावे.