घरपट्टीचे बिल वाचता का?



नगरला 2003 मध्ये महापालिका झाली, तेव्हापासूनची घरपट्टीची बिले मी नीट फाइलला लावते. वाचली मात्र कधीच नाहीत, बी.कॉम. असून! यंदा चष्मा लावून बसले. आपण राहतो त्याच घराचे अंदाजे वार्षिक भाडे धरतात, दुरुस्तीसाठी 10 टक्के सोडतात, उरते ते करयोग्य मूल्य. त्यावर सामान्य कर, शिवाय शिक्षण कर, वृक्ष कर. थकले तर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे वर्षाचे 24.

जाऊबाई म्हणाल्या, "बिलावर माझे नाव आहे, म्हणजे घर माझेच." नाही हो! त्या नोंदीने कर कोणाकडून घ्यायचा एवढेच ठरते. मालकी पाहायची तर नोंदणी झालेले खरेदीखत किंवा बक्षीसपत्र, सिटी सर्व्हेचा उतारा काढा. नवऱ्याने राहते घर बायकोला बक्षीस दिले तर मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, अधिभार वेगळा. एवढ्या पैशांत तर दोघांचा नाश्ताही होत नाही.

दागिन्यांचा हिशोब आपल्याला तोंडपाठ, घराचा का नाही?

ह्यांना विचारले, तर म्हणाले, "आता या वयात कशाला?" मी म्हटले, याच वयात. उतारा काढायला सोमवारी जातोय.