आग लागली कशाने, आणि माणसे मेली कशाने?

ता. १८ मे २०२५, रविवार, या दिवशी पहाटे सोलापुरातील अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत सेंट्रल टेक्स्टाइल मिल या टॉवेलच्या कारखान्यास आग लागली व तीत आठ जीव गेले. वृद्ध मालक, त्यांच्या घरची तरुण माणसे, एक लहानगे मूल आणि त्याच छपराखाली राहणारे एका कामगार कुटुंबातील चौघे, असे ते आठ होत. आत शिरून वाचविण्याची खटपट करणाऱ्या अग्निशमन दलातील माणसांसही इजा झाली. आग विझविण्यास कित्येक तास लागले. मालक व मजूर यांच्यात एरव्ही कितीही अंतर असो, त्या पहाटेच्या धुराने ते मोजले नाही.

केंद्र सरकारने मृतांच्या वारसांस दोन लाख व राज्य सरकारने पाच लाख रुपयांची मदत जाहीर केली. मंत्र्यांनी हळहळ व्यक्त केली. आणि राख निवण्यापूर्वीच आगीचे कारणही शहरभर झाले : ‘शॉर्ट सर्किट’. हे दोन शब्द आता आमच्या भाषेत इतके रुळले आहेत की पूर्वी पटकीने माणूस मेला म्हणजे जसे ‘देवीचा कोप’ म्हणून मोकळे होत, तसे हल्ली आपण हे दोन शब्द उच्चारून मोकळे होतो. दोहोंत फरक एवढाच की पहिल्यात देवीस दोष लागे, दुसऱ्यात विजेस लागतो. माणसास कोठेच लागत नाही.

विजेने आग लागत नाही असे आमचे म्हणणे मुळीच नाही. लागते, आणि गिरण्या-कारखान्यांतून पुष्कळदा लागते. परंतु तारेवरील वेष्टण आगीने जळाले म्हणजे उघड्या तारा एकमेकींस चिकटतात आणि तेव्हाही ठिणगी उडून तांब्याचे मणी वितळतातच. म्हणजे काडीने पेटलेल्या घरातही मागाहून ‘शॉर्ट सर्किट’ची खूण सापडू शकते. ती आगीची आई की आगीचे पोर, हे ठरविण्यास जळालेल्या जागेचा नकाशा लागतो, कोणता खटका कोणत्या क्षणी पडला हे पाहावे लागते, आग कोठे खोल व कोठे वरवर जळाली याचे माग काढावे लागतात. केवळ राखेत वितळलेली तार सापडली एवढ्यावरून निकाल देणे म्हणजे प्रेताजवळ वैद्य दिसला म्हणून त्यास खुनी ठरविण्यासारखे आहे.

बरे, विजेनेच लागली असे क्षणभर धरू. मग पुढचे प्रश्न कोणी विचारावयाचे? तार किती जुनी होती? जेवढ्या यंत्रांसाठी ती घातली तेवढीच यंत्रे तिजवर होती, की मागणी वाढली तशी यंत्रे वाढली आणि तार तीच राहिली? फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार कोणी घातली होती काय? (हा उपाय आमच्या शहरात इतका सर्रास चालतो की तो करणाऱ्यास लोक हुशार समजतात. फ्यूज ही तक्रार करणारी वस्तू आहे; तिचे तोंड बांधले म्हणजे तक्रार मिटत नाही.) स्विचबोर्डावर कापसाचा बारीक तंतू किती साचला होता, आणि तो शेवटचा कधी झाडला? टॉवेलच्या कारखान्यात हा तंतू हवेत सदैव तरंगत असतो, तुळईवर, पंख्यावर, तारांवर बसतो, आणि ठिणगी मिळाली की छपराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहता पाहता धावतो. गाठोड्यांची गोष्ट तर याहून वाईट. दाबून बांधलेल्या कापडाच्या गठ्ठ्यात आग आत दडून बसते, वरून विझली असे वाटते, आणि घटका-दोन घटकांनी पुन्हा उसळते. कापसाची आग विझविण्यास तास का लागतात याचे उत्तर पुष्कळसे येथे आहे. जुन्या कापडगिरण्यांचे मालक काही आजच्यापेक्षा दयाळू नव्हते. परंतु कापूस पिंजण्याचे खाते ते इतर खात्यांपासून तोडून बांधीत, कारण पहिली ठिणगी तेथेच पडते हे त्यांस विमा कंपन्यांनी शिकविले होते. १८७७ साली जुनी मिल निघाली तेव्हापासून कापडाच्या धंद्यावर जगलेल्या या शहरास हे ज्ञान नवे नाही. ते विसरले गेले आहे, एवढेच.

तथापि आमच्या मते आग कशाने लागली हा प्रश्न दुय्यम आहे. मुख्य प्रश्न, माणसे मेली कशाने? हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत, आणि आमच्याकडील चौकशीचा सारा घोटाळा ते एक समजण्यात आहे. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्क शहरात ट्रँगल नावाच्या कपडे शिवण्याच्या कारखान्यास आग लागून १४६ माणसे मेली. त्यांत बहुतेक परदेशातून पोटासाठी आलेल्या तरुण मुली होत्या. ती आग चिंध्यांच्या पेटीत पडलेल्या काडीने लागली की सिगारेटच्या थोटकाने, हे आजतागायत निर्विवाद ठरलेले नाही. पण मुली का मेल्या हे साक्षीपुराव्यात लख्ख बाहेर आले : नवव्या मजल्यावरचा एक दरवाजा कुलूपबंद होता, आणि बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने कोसळला. पुढे खटल्यात मालक निर्दोष सुटले. म्हणून तेथील लोक स्वस्थ बसले नाहीत. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने कारखान्यांच्या तपासणीसाठी आयोग नेमला, आयोगाने शेकडो साक्षी घेतल्या, आणि त्यातून दरवाजे, जिने, आगीची कवायत व पाण्याचे फवारे यांविषयी कायदे झाले. गुन्हेगार सापडला नाही तरी कारण सापडले होते.

आता आपल्या प्रांतातील अलीकडच्या गोष्टी पाहा. ३१ डिसेंबर २०२३ रोजी छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज येथे हातमोज्यांच्या कारखान्यास मध्यरात्रीनंतर आग लागली. आत झोपलेले सहा कामगार मेले. ३ एप्रिल २०२४ रोजी त्याच शहरातील छावणी भागात खाली कपड्यांचे दुकान व वर बिऱ्हाड अशा इमारतीत पहाटे आग लागून एकाच कुटुंबातील सात माणसे गेली; ज्वाला त्यांच्यापर्यंत पोहोचल्या नव्हत्या, गुदमरून ती मेली असे पोलिसांनी सांगितले. ८ डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीच्या अनाज मंडीत पहाटे ४३ माणसे मेली, तीही बहुतेक कारखान्यातच निजणारी. आणि १८ मे २०२५ ला सोलापूर. चारही ठिकाणी वेळ रात्रीची वा पहाटेची. चारही ठिकाणी जेथे माल तेथेच माणूस. यास योगायोग म्हणावयाचे असेल त्याने खुशाल म्हणावे.

येथे कोणी म्हणेल की सोलापुरात घर व धंदा एका छपराखाली ही पिढ्यान्‌पिढ्यांची चाल आहे. खरे आहे, आणि तिची थट्टा करणाऱ्यांपैकी आम्ही नाही. तेलंगणातून आलेल्या विणकरांनी पूर्व भागात माग मांडले ते घरातच मांडले, आणि सोलापुरी चादरीचे नाव त्या घरांतूनच देशोदेशी गेले. परंतु हातमाग व यंत्रमाग यांत भेद आहे. हातमागापाशी वीज नव्हती, आठवड्याभराचा माल एका कोपऱ्यात मावे, आणि भिंत ओलांडली की शेजाऱ्याचे अंगण असे. आज खाली यंत्रे, मध्ये गाठोडी, माळ्यावर बिऱ्हाड, खिडक्यांस लोखंडी जाळ्या आणि बाहेर पडण्यास एक शटर, अशी रचना आहे. चाल जुनी राहिली, वास्तू बदलली. धूर वर चढतो. ज्यांना वर निजविले त्यांच्याकडे तो आधी जातो. झोपलेल्या माणसास धुराचा वास जागे करील या भरवशावर राहणे तर शुद्ध वेडेपणा आहे, कारण धुरातील विषारी वायूस वास नसतो आणि तो झोप अधिकच गाढ करतो.

मालक म्हणतात, दोन दरवाजे ठेवले तर चोरी होते. कामगार म्हणतो, कारखान्यात निजलो नाही तर भाडे कोठून देऊ? दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. पहिलीस उत्तर सोपे आहे : आतून हाताने दाबताच उघडणारा व बाहेरून न उघडणारा दरवाजा बाजारात मिळतो, आणि त्याची किंमत एका गाठोड्याहून फार नाही. दुसरीस उत्तर सोपे नाही. औद्योगिक वसाहतीजवळ कामगारांसाठी स्वस्त खोल्या बांधल्याशिवाय, ‘कारखान्यात निजू नये’ हा हुकूम कागदावरच राहणार. आणि तो मोडणारा कामगार अपघातानंतर स्वतःच्याच मरणाचा अपराधी ठरणार, हे आम्हांस अधिक भयंकर वाटते.

कायदा नाही असे कोणी समजू नये. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा पुरेसा कडक आहे. त्याअन्वये इमारतीचा मालक वा भोगवटादार याने आपली आगप्रतिबंधक साधने चालू स्थितीत असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर वर्षी जानेवारी व जुलै अशा दोन महिन्यांत मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांकडे द्यावयाचा असतो. धोका आढळल्यास इमारतीची वीज व पाणी तोडण्याचाही अधिकार कायद्याने दिला आहे. पण हा दाखला देणारी संस्था निवडतो मालक, तिचे पैसे देतो मालक, आणि दाखला जाऊन पडतो कचेरीच्या फडताळात. जो दाखला शेजारचा दुकानदार, कारखान्यातील कामगार आणि माल उधारीने देणारा व्यापारी पाहू शकत नाही, तो असला काय आणि नसला काय! उलट कारखान्यांविषयीच्या केंद्रीय कायद्याची पकड सैल होत आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याची जागा घेणारी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तीत विजेवर चालणारा कारखाना म्हणजे वीस किंवा अधिक कामगारांचा, अशी व्याख्या आहे. सोलापुरातील किती यंत्रमागांच्या शेडांत वीस माणसे एका वेळी असतात, हे आमच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको.

चौकशी करणाऱ्यांचीही वाण नाही. पोलीस पंचनामा करतात. विजेने जीवितहानी झाल्यास २००३ च्या वीज कायद्याच्या १६१ व्या कलमाखाली विद्युत निरीक्षकाकडून चौकशी करविता येते. कारखाना निरीक्षक, अग्निशमन खाते आणि विमा कंपनीचा सर्वेक्षक आहेतच. पाच माणसे पाच वह्या लिहितात, आणि ज्या शहरात आग लागली त्या शहरास यांपैकी एकही वही वाचावयास देण्याचे बंधन कोणावर नाही. विमा कंपनीस दावा द्यावयाचा की नाही एवढेच पाहावयाचे असते, पोलिसांस गुन्हा कोणावर एवढेच. पुढची आग कशी टळेल हे पाहणे कोणाच्याच नेमणुकीत नाही. बांगलादेशात २४ नोव्हेंबर २०१२ रोजी ताझरीन कारखान्याच्या आगीत शंभरावर कामगार मेले आणि पुढील एप्रिलात राणा प्लाझा कोसळला, तेव्हा तेथे कापड खरेदी करणाऱ्या परदेशी कंपन्या व कामगार संघटना यांच्यात २०१३ साली करार झाला. त्यातील सर्वांत गुणकारी गोष्ट आमच्या मते ही, की तपासणीचे अहवाल कारखान्याच्या नावानिशी प्रसिद्ध करण्यात आले. ज्याच्या दरवाजास कुलूप आढळले, त्याचे नाव गिऱ्हाइकास कळले. आणि कुलपे निघाली. सोलापूरचा टॉवेलही परदेशी जातो. ही वेळ आपल्या व्यापाऱ्यांवर बाहेरून येण्याची वाट का पाहावी?

बंबांविषयी थोडेच लिहितो, कारण त्याविषयी सर्वच लिहितात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण सोलापूरकरांनी रचली नसली तरी तिचा अनुभव त्यांस आहे. बंब वाढवावेत, जवानांस धुरात श्वास घेण्याची साधने द्यावीत, हे उघड आहे. परंतु ज्या शहराने नळाच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे दिवसांमागून दिवस मोजले, तेथे बंब रिकामा झाल्यावर तो भरावयाचा कोठे हा प्रश्न बंबाहून मोठा आहे. औद्योगिक वसाहतीच्या प्रत्येक भागात केवळ आगीसाठी राखून ठेवलेली भरलेली टाकी असली पाहिजे, आणि तिचे पाणी उन्हाळ्यात दुसऱ्या कामी लावणाऱ्यास शिक्षा झाली पाहिजे.

व्यापारी वर्गास आमची विनंती निराळी आहे. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेच्या लहान धंद्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ हा विमा १ एप्रिल २०२१ पासून मिळतो, तो पुष्कळांनी घेतलाही असेल. पण विम्याने माल परत येतो. या दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी प्रत्येकाने एक रात्र आपल्या कारखान्यात जावे, दिवे घालवावेत, आणि माळ्यावर निजणाऱ्या माणसाबरोबर अंधारात रस्त्यापर्यंत चालत यावे. किती पावले लागली, किती वेळा ठेच लागली आणि वाटेत कोणते कुलूप आडवे आले, हे त्यास कोणत्याही दाखल्यापेक्षा नीट कळेल.

महानगरपालिकेकडे मात्र विनंती नाही, मागणी आहे. जानेवारी व जुलैचे दाखले कोणत्या कारखान्याने दिले व कोणी दिले नाहीत, याची यादी महिना संपताच पेठापेठांतून व औद्योगिक वसाहतीच्या कचेरीबाहेर लावावी. आणि ज्या आगीत मनुष्य दगावेल तिच्या चौकशीचा अहवाल, कोणावर दोष ठेवलेला असो वा नसो, नव्वद दिवसांच्या आत मराठीत व तेलुगूत छापून चार आण्यांच्या पत्रिकेइतका सहज लोकांच्या हाती द्यावा. सभागृहात हा ठराव कोणता सभासद मांडतो, आणि त्याविरुद्ध कोण बोलतो, हे आम्ही नावानिशी छापू.