पाणबुडीत जागा किती?

डोंबिवलीतील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात आणि दोन भाऊ संगणकापुढे बसतात. एक चुलत भाऊ कल्याणहून खेळात येतो. दुसरा ठाण्याच्या कचेरीतून लोकलने परतत असतो. चौघांचा खेळ एकच : फिनलंडमध्ये घडलेला, मार्च २०२३ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेला ‘बॅरोट्रॉमा’. गुरूच्या युरोपा या उपग्रहावर, बर्फाखालच्या समुद्रात पाणबुडी चालवायची. वाटेत जलचरांवर तोफा डागाव्या लागतात, हे आजीला रुचत नाही. तिचा आक्षेप गैरही नाही.

पाणबुडीत सोळा जणांपर्यंत खलाशी घेता येतात. पण घ्यावेत किती? मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली, डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात आलेली ‘कलवरी’ चालवण्यास चाळीसहून अधिक माणसे लागतात. तिथे पाळ्या असतात, झोप असते. खेळात हिशेब निराळा. एकाच क्षणी किती जागी हात हवेत, ते मोजावे : सुकाणू, अणुभट्टी, तोफ, गळती. चौघांनी भली मोठी पाणबुडी घेतली, तर एका टोकाकडून दुसरीकडे धावेपर्यंत पाणी कमरेला लागते.

उणीव भरून काढण्यास बॉट असतात, म्हणजे संगणकच चालवतो असे खलाशी. कौशल्य पाहून त्यांची किंमत ठरते. सांगितलेले काम ते न कंटाळता करतात; मात्र पुढच्या प्रवासाला इंधन पुरेल का, ही चिंता त्यांची नव्हे. शिवाय मेलेला बॉट सहसा परत येत नाही, खेळाडू येतो. ‘यंत्रच तर आहे’ म्हणून त्याला संकटात ढकलणे महागात पडते.

गेल्या महिन्यात धाकट्याच्या हातून भट्टी तापून पाणबुडी बुडाली. थोरल्याने भट्टी बॉटकडे सोपवली. हिशेबाने निर्णय अचूक होता. धाकट्याला मात्र काम उरले नाही, आणि दुसऱ्या संध्याकाळी तो खेळायला बसलाच नाही.

आजोबांना खेळातले काही कळत नाही; पण रिकामी खुर्ची त्यांना दिसली. थोरल्याला त्यांनी विचारले, “गल्ल्यावर तुला पहिल्यांदा बसवले, तेव्हा महिन्याभरात हिशेब किती वेळा चुकला होता, सांगू का?”

थोरला हसला नाही. त्याने बॉटला गळती बुजवण्यास लावले, दुसरा बॉट घेऊन ठाण्याच्या भावाऐवजी तोफेवर बसवला आणि धाकट्याला हाक मारली.

त्या रात्री भट्टी पुन्हा तापली. आग लागली, ती धाकट्यानेच विझवली. ठाण्याच्या भावाची गाडी तेव्हा दिव्याजवळ थांबलेली होती.