शिष्यवृत्तीतली 'वृत्ती'

वर्षभर या सदरात आपण शब्दांच्या गमतीजमती पाहिल्या. दिवाळीच्या अंकात पाने जरा ऐसपैस मिळतात, तेव्हा आज असा एक शब्द घेतो, की ज्याचा अर्थ नीट न कळल्यामुळे मध्यमवर्गीय घरातले हिशेब चुकतात, आणि कधीकधी एखाद्या मुलीचे कॉलेजही चुकते. तो शब्द म्हणजे 'शिष्यवृत्ती'.

'वृत्ती' म्हणजे स्वभाव, हे सगळ्यांस ठाऊक आहे. पण तिचा दुसरा अर्थ उपजीविका, पोट भरण्याचे साधन, असा आहे. जोशाची वृत्ती, उपाध्यायाची वृत्ती, असे आपले आजोबा म्हणत ते याच अर्थाने. शिष्याची वृत्ती म्हणजे शिकत असताना शिष्याने जगावे कसे, याची तजवीज. या शब्दात फीचा उल्लेखदेखील नाही. कारण उघड आहे. ज्याला शिकायचे त्याची पहिली अडचण गुरुजींची दक्षिणा ही नसते. रात्रीचे जेवण आणि निजायची जागा, ही असते. पुण्यात माधुकरी मागून आणि वार लावून शिकलेल्या पिढ्यांना हे कोणी समजावून सांगावे लागले नाही.

ज्यांनी ही गोष्ट ओळखली, त्यांच्या हातून मोठी कामे झाली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढले, आणि मग एकामागून एक इतर समाजांची वसतिगृहे उभी केली. शाळा होत्याच, खेड्यातल्या पोराला त्या शाळेजवळ राहता यावे, ही खरी गरज होती. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेब आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती दिली, ती दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. दरमहा ठरावीक रक्कम हाती पडते, तिला म्हणावयाचे शिष्यवृत्ती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तिचे सारे बळ वसतिगृहात आणि 'कमवा आणि शिका' या मंत्रात होते.

आता आजच्या काळाकडे वळू. माझ्याकडे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती समितीचे काम आहे. जूनपासून दिवाळीपर्यंत माझ्या टेबलापुढे पालकांची रांग असते, आणि शंभरातल्या नव्वदांचे पहिले वाक्य एकच असते: "सर, मुलाला शिष्यवृत्ती मिळेल ना?" मी उलट विचारतो, "कोणती? माफी, प्रतिपूर्ती, की निर्वाहभत्ता?" पालक गोंधळतात. त्यात त्यांचा दोष नाही. तिन्हींना आपण एकच नाव देऊन बसलो आहोत. म्हणून थोडी फोड करतो.

'माफी' म्हणजे फीच घ्यायची नाही. 'प्रतिपूर्ती' म्हणजे झालेला खर्च मागाहून भरून देणे. या शब्दातच सूचना दडलेली आहे, की रक्कम पुढे मिळायची आहे, आजची सोय तुमची तुम्ही पाहा. आणि 'निर्वाहभत्ता' म्हणजे राहण्याजेवणाला मिळणारी रक्कम. हीच खरी वृत्ती. आपल्या राज्यातल्या बहुतेक योजनांचे अर्ज 'महाडीबीटी' या सरकारी संकेतस्थळावर भरावे लागतात आणि पैसे आधाराशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात. ते पैसे वर्षाच्या सुरुवातीला हवे असतात आणि बहुधा शेवटाला येतात, हा मात्र माझ्या टेबलावरचा अनुभव.

राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमांत तीतून शिक्षण शुल्काचा निम्मा भार हलका होतो, आणि एका कुटुंबातल्या दोघा अपत्यांपर्यंतच हा लाभ आहे. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने याच उत्पन्नमर्यादेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास या प्रवर्गांतल्या मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांत ५० टक्क्यांऐवजी १०० टक्के सवलत केली. निर्णय चांगला, यात शंका नाही. पण तो बारकाईने वाचावा. सवलत शिक्षण शुल्काला आणि परीक्षा शुल्काला आहे. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ती नाही, आणि खाजगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही नाही. ग्रंथालय, जिमखाना, विकास निधी, अनामत, वसतिगृह आणि मेस यांचे नाव तीत कोठेही नाही.

याचे परिणाम कसे होतात, ते गेल्या ऑगस्टात आलेल्या एका पत्रावरून सांगतो. पत्र नाशिकच्या एका वाचकभगिनीचे. यजमान कारखान्यात नोकरीला, उत्पन्न ८ लाखांच्या आत, आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला हाताशी. मुलीला पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली. "सगळे म्हणतात, मुलींना आता फुकट आहे," त्या लिहितात, "पण सर, वसतिगृह आणि जेवण धरले तर आम्हांला झेपत नाही. इथल्याच एका खाजगी विद्यापीठाने तिला ५० टक्के शिष्यवृत्ती देऊ केली आहे. घरी राहील, डोळ्यांसमोर राहील. शिवाय पुढल्या वर्षी धाकट्याच्या क्लासचे पैसे आहेतच. नाहीतर साधे बी.एस्सी. करू दे, असे हे म्हणतात. काय करावे?"

पत्रातले शेवटचे वाक्य वाचून मला अधिक काळजी वाटली. धाकट्याच्या क्लासची तरतूद आधीच धरलेली होती. थोरलीची मात्र 'नाहीतर'मध्ये होती. आपल्या चांगल्याचांगल्या घरांत हे नकळत होते. कोणी मुलीला शिकू नको म्हणत नाही. फक्त हिशेब जुळत नाही, आणि न जुळणारा आकडा दर वेळी तिच्याच बाजूचा निघतो.

मी त्यांना उपदेश केला नाही. पाटीवर गणित मांडावे तसे दोन रकाने करून पाठवले. वाचकांनीही आपापले आकडे घालून ते मांडून पाहावेत. पहिला रकाना पुण्याचा. समजा, माफीत न बसणारी इतर फी वर्षाला १२,००० रुपये, वसतिगृह १८,०००, मेस दरमहा ३,५०० प्रमाणे १० महिन्यांचे ३५,०००, पुस्तके आणि साहित्य ८,०००, जाणे-येणे ६,०००, हातखर्च १०,०००. बेरीज ८९,०००. दुसरा रकाना घरच्या गावाचा. समजा, खाजगी विद्यापीठाची फी २,४०,०००. निम्मी माफ, म्हणजे उरली १,२०,०००. बस १०,०००, पुस्तके ८,०००, हातखर्च १०,०००, आणि घरचे जेवण १५,०००. हे शेवटचे कलम लोक विसरतात. मुलगी घरी राहिली म्हणून ती काही उपाशी राहत नाही! बेरीज १,६३,०००.

म्हणजे 'झेपत नाही' म्हणून सोडायची वाट वर्षाला ७४,००० रुपयांनी स्वस्त निघाली. चार वर्षांचे पाहिले तर ३,५६,००० विरुद्ध ६,५२,०००. आणि त्या ५० टक्क्यांच्या पत्रावर बारीक अक्षरात 'दर वर्षी अमुक गुण राखल्यास' अशी अट असेल, आणि दुसऱ्या वर्षापासून ती सवलत सुटली, तर चार वर्षांचा आकडा १०,१२,००० वर जातो. तेव्हा वाचकहो, माफी किती मिळाली ते पाहू नका, माफी जाऊन उरले किती ते पाहा. साडीच्या दुकानातला सेल आपल्याला बरोबर कळतो. छापील किंमत वाढवून सूट देणारा दुकानदार आपण लांबून ओळखतो. कॉलेजच्या बाबतीत मात्र 'शिष्यवृत्ती' हा शब्द ऐकला, की हिशेबाची वही आपण मिटून ठेवतो.

बी.एस्सी.बद्दल एवढेच लिहिले, की ते मुलीला आवडत असेल तर उत्तमच. पण ती घरात स्वस्त पडते म्हणून ते करावयाचे असेल, तर तसे तिला स्पष्ट सांगा आणि तिच्यासमोर हे दोन्ही रकाने ठेवा.

या गणितात एक मेख आहे, तीही सांगितली पाहिजे. ८९,००० वर्षभरात सारखे विभागून लागत नाहीत. इतर फी, वसतिगृहाची वर्षाची रक्कम, समजा ५,००० अनामत, दोन महिन्यांची मेस, निम्मी पुस्तके, आणि प्रवास व हातखर्चाचे ३,०००. एवढे धरले तरी पहिल्या दोन महिन्यांतच ४९,००० रुपये रोख हवेत. गाडी अडते ती इथे. वर्षाचा खर्च झेपणारी माणसेही या एका उंबरठ्यावर मागे फिरतात. म्हणून बारावीचे वर्ष सुरू झाले की दरमहा थोडे बाजूला टाकावे, नाहीतर पतपेढीत आधीच चौकशी करून ठेवावी. नाशिकच्या त्या गृहस्थांनी कारखान्याच्या पतपेढीतून कर्ज काढले. मुलगी आता पुण्यात आहे, आणि मेसच्या आमटीबद्दल आईकडे तक्रार करते, असे कळले.

आता काही बारीकसारीक, पण पैशाच्या गोष्टी.

केंद्र सरकारची एक गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे, ती शहरी मध्यमवर्गाच्या नजरेतून नेहमी निसटते. बारावीच्या मंडळात आपल्या शाखेतल्या वरच्या २० टक्क्यांत असलेल्या, आणि घरचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी ती आहे. देशभरात दर वर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या, त्यांतल्या निम्म्या मुलींना. पदवीच्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये आणि पदव्युत्तर वर्गात २०,०००. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर करावयाचा. पण हिच्याबरोबर राज्याची शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेता येत नाही. एकच निवडावी लागते. इथेही गणितच उपयोगी पडते. अनुदानित महाविद्यालयातल्या बी.ए., बी.कॉम.ची फी थोडकी असते. तिथे त्या फीच्या माफीपेक्षा हातात येणारे १२,००० मोलाचे ठरतात. अभियांत्रिकीला उलट, तिथे माफीच घ्यावी.

दुसरे, शिष्यवृत्ती एकदा मिळाली म्हणजे पदवी होईपर्यंत आपोआप चालू राहते, हा समज सोडून द्यावा. नूतनीकरणाचा अर्ज दर वर्षी भरावा लागतो, आणि वर सांगितलेल्या केंद्राच्या शिष्यवृत्तीला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. पहिल्या वर्षी बाबांनी रांग लावलेली असते, दुसऱ्या वर्षी चिरंजीवांवर सोपवलेले असते, आणि चिरंजीव विसरतात.

तिसरे, घाईने एका ठिकाणी फी भरली आणि मागून चांगल्या ठिकाणी नंबर लागला, तर पैसे बुडाले असे समजून गप्प बसू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली फी परत देण्याचे नियम घालून दिले आहेत. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केल्यास थोडी प्रक्रिया-आकारणी वजा जाता पूर्ण फी परत, आणि जसजसा उशीर तसतशी कपात. त्यानंतरही आयोगाने वेळोवेळी त्या त्या वर्षापुरत्या सूचना काढल्या आहेत, त्या पाहाव्यात. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही महाविद्यालयास नाही.

चौथे, राहण्याजेवणाची सोय. वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची निर्वाह भत्ता योजना आहे; तिच्या अटींत आपण बसतो का, ते प्रवेशाच्या वेळीच पाहावे. पुणे विद्यापीठात कर्मवीरांच्या नावाने 'कमवा आणि शिका' योजना चालते. पुण्यातच १९५५ पासून विद्यार्थी सहायक समितीसारखी संस्था बाहेरगावच्या गरजू मुलामुलींसाठी वसतिगृहे चालवते. शैक्षणिक कर्ज हा शेवटचा मार्ग. तो वाईट नाही, पण ती शिष्यवृत्ती नव्हे. शिकत असतानाही त्यावर व्याज चढत असते, हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगावे.

सांगावयाचे तात्पर्य एवढेच, की सरकारने फीचे ओझे पुष्कळ हलके केले आहे. 'शिष्य' झाला, 'वृत्ती' अजून अर्ध्यावर आहे. ती पुरी होईपर्यंत उरलेला भाग घराने आणि समाजाने उचलावयाचा आहे.

आपल्याकडे याची एक सुंदर रीत आहे. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेसाठी भाऊबीज निधी गोळा होई. सेवक दारोदार जात, आणि ज्या बहिणींना कधी पाहिलेही नाही, त्यांच्या शिक्षणासाठी लोक ओवाळणी घालत. यंदाच्या भाऊबीजेला आपल्या ओळखीत शिकायला बाहेरगावी राहिलेली एखादी मुलगी असेल, भाची, पुतणी, किंवा शेजारच्या बिऱ्हाडातली, तर तिच्या ताटात साडीऐवजी एका महिन्याच्या मेसचे पैसे घाला. आणि तिच्या आईला विचारा, नूतनीकरणाचा अर्ज भरला का?