प्रमाणपत्र कागदाला की कारागिराला?

१९४४ सालच्या १४ एप्रिल रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि त्या अग्निप्रलयात अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी सप्ताह पाळला जातो. पुष्पचक्रे वाहिली जातात, भाषणे होतात. परंतु त्या हुतात्म्यांचे खरे स्मारक आमच्या इमारतींच्या तळघरांत, पंपाच्या खोलीत असावयास हवे; आणि तिकडे डोकावण्याची तसदी फारच थोडे नागरिक घेतात.

उत्तुंग इमारतीच्या वरच्या मजल्यापर्यंत दलाची शिडी पोचेलच असे नाही. तेथे पहिला सामना इमारतीनेच द्यावयाचा असतो. छतावरील स्प्रिंकलरची काचेची कुपी सुमारे ६८ अंश सेल्सियस उष्णतेला फुटते, पाणी सुटते आणि नळातील दाब उतरताच पंप आपोआप सुरू होतो. योजना चोख खरी. पण दुरुस्तीसाठी बंद केलेली झडप उघडावयाची राहिली, पंपाचे बटण ‘स्वयंचलित’वरून हलविलेले तसेच राहिले, किंवा कुपीवर रंग फासला गेला आणि तपासणाऱ्याला त्यात काही वावगे दिसले नाही, तर लाखो रुपयांची ती यंत्रणा निव्वळ शोभेची ठरते.

महाराष्ट्राने २००६ साली आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा अधिनियम केला, हे भूषणावहच होय. त्यानुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक अभिकरणाकडून जानेवारी व जुलै महिन्यांत घ्यावे लागते. परंतु पात्रता पाहिली जाते ती परवानाधारकाची. पान्हा ज्याच्या हाती असतो, त्या कारागिराची नव्हे. विजेची तार जोडणाऱ्या तारतंत्र्याला परवाना लागतो. मग शेकडो कुटुंबांचे प्राण ज्याच्या हातावर विसंबून, त्याला तो का नसावा? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात स्प्रिंकलर बसविणाऱ्या कारागिराला व्यक्तिशः प्रमाणपत्र घ्यावे लागते.

अशा सक्तीने गरीब कामगाराची भाकरी जाईल, असा आक्षेप घेतला जाईल. तो खोटा नाही. पण त्याचे उत्तर अज्ञान चालू ठेवणे हे नव्हे. परीक्षा मराठीतून व हिंदीतून, प्रत्यक्ष यंत्रावर घ्यावी. शिक्षणाचा खर्च अभिकरणाने सोसावा. आज काम करणाऱ्यांस पुरेशी मुदत द्यावी. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरातच आहे, गावोगावी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. आणि तपासणी ज्याने केली, त्या कारागिराचे नावही प्रमाणपत्रावर असावे. नाव आले की जबाबदारी येते.

‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ असे आपले पूर्वज म्हणत. आज बंब आपल्याच घरात आहे. त्याला हात लावणारा शिकलेला आहे काय, एवढा प्रश्न येत्या तपासणीच्या दिवशी प्रत्येक सभासदाने आपल्या सोसायटीच्या चिटणिसास विचारावा. परीक्षा न घेता दिलेल्या गुणपत्रिकेवर आपण विश्वास ठेवीत नाही. मग या कागदावर तरी का ठेवावा?