जो रस्ता दिसत नाही, तो मोकळा समजू नका

दिवाळीनंतर आपल्या भागात कापसाच्या गाड्या सुरू होतात. यवतमाळहून लोहाऱ्याकडे, पुढे दारव्ह्याकडे जाताना कापसाने फुगलेली ट्रॅक्टरची ट्रॉली पुढे असली, की अर्धा रस्ता दिसेनासा होतो. वळणावर धुऱ्यापर्यंत आलेली तूर डोक्याएवढी उभी असते. पहाटे धुके असते ते वेगळेच. अशात आपण मोटारसायकलवर. पुढे टाकीवर लहान मूल, मागे घरची मंडळी. नेमकी तेव्हाच आपल्याला पुढे निघायची घाई होते.

थोडा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंतच सेकंदभर जातो. कोरड्या रस्त्यावरही पूर्ण थांबायला ४० मीटर सहज लागतात. वेग ताशी ४० असेल, तर हेच अंतर २० मीटरच्या आसपास येते. रस्ता ओला किंवा टायर घासलेले असतील, तर जास्त. म्हणून नियम साधा आहे: जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात थांबता आले पाहिजे. अरुंद रस्त्यावर समोरूनही कोणी येत असते, तिथे त्याच्या निम्म्यात.

ट्रॉलीला अगदी चिकटून चाललो, तर आपल्याला पुढचे काहीच दिसत नाही. तीन सेकंदांचे अंतर ठेवा. धुक्यात त्याहून जास्त. ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही. पुढची गाडी ओव्हरटेक करून गेली, म्हणून तिच्यामागे आपणही घुसू नये. तिला दिसलेला रस्ता आपल्याला दिसलेला नसतो. थांबलेल्या एसटीच्या पुढून माणूस, बहुधा मूलच, अचानक रस्त्यावर येते. धुक्यात हेडलाइट डिपरवर ठेवा. अप्पर लाइटचा उजेड धुक्यावरून उलटा डोळ्यांवर येतो. हॉर्न जरूर वाजवा, पण हॉर्न म्हणजे डोळे नव्हेत. समोर बंडीवाला असेल, बैलांना हॉर्न काय कळणार?

माल भरणाऱ्यांनाही आमचे सांगणे आहे. गाडीच्या बाहेर माल काढून नेल्यास मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजार रुपये दंड आहे. दंड पावती फाडून भरता येतो, गेलेला जीव भरून देता येत नाही. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर लावा, कापूस ताडपत्रीने आवळून बांधा. वळणावर ज्यांचे शेत आहे, त्यांनी कोपऱ्यावरच्या दोन-चार ओळी तुरीऐवजी सोयाबीनच्या घ्याव्यात आणि रस्त्यावर आलेली बाभळीची फांदी छाटावी. रस्त्यातून त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचाच एक भाग आहे, असे आपल्या प्रेषितांनी (स.) शिकवले आहे. नजर अडवणारी फांदीही त्यातच आली.

आणि ट्रॉलीमागे पाच मिनिटे थांबावे लागले, तर थांबा. घरचे जेवण तेवढ्यात थंड होत नाही.