होमरन ओतानीचा, मॅच बुलपेनची!

रविवार सकाळपासून एकच रील फिरतंय. शोहेई ओतानी बॉल थेट प्रेक्षकांत पाठवतो, बॅट भिरकावतो आणि एरवी शांत असणारा हा माणूस चक्क ओरडतो. लॉस एंजेलिस डॉजर्सने सॅन दिएगो पाद्रेसला ७-५ असं हरवून प्लेऑफची सुरुवात केली. रील भारीच आहे, वादच नाही. पण फॅन म्हणून सांगायचं तर ही मॅच त्या रीलमध्ये जिंकलेली नाही. ती जिंकली त्यानंतरच्या तासा-दोन तासांत, ज्यांची नावं आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाहीत अशा पाच जणांनी.

आधी थोडं बॅकग्राउंड. डॉजर्स म्हणजे पैशाला कमी नसलेली टीम. ओतानीशी १० वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार, पिचर योशिनोबु यामामोटोशी १२ वर्षांचा साडेबत्तीस कोटींचा. २०२४ मध्ये १६२ पैकी ९८ मॅचेस जिंकल्या, लीगमध्ये सगळ्यात जास्त. ओतानीने ५४ होमरन मारले, ५९ बेस चोरले. एकाच सीझनमध्ये पन्नास-पन्नास हे त्याच्याआधी कुणालाच जमलं नव्हतं. तरीही एंजल्समधल्या सहा वर्षांत त्याला प्लेऑफची एकही मॅच मिळाली नव्हती. रविवारची ही त्याची पहिलीच.

आणि सुरुवात कशी झाली? वाईट! पहिल्याच इनिंगमध्ये मॅनी मचाडोच्या होमरनसह पाद्रेसने ३-० आघाडी घेतली. दुसऱ्या इनिंगमध्ये ओतानीच्या तीन रनच्या होमरनने बरोबरी झाली. तिसऱ्यात झँडर बोगार्ट्सने दोन रन काढून पुन्हा ५-३ केलं. यामामोटोचा हिशोब तीन इनिंग, पाच रन. मार्चमध्ये सोलमध्ये याच पाद्रेसविरुद्ध त्याने पदार्पण केलं होतं, तेव्हाही एका इनिंगमध्ये पाच रन दिले होते. म्हणजे हे कोडं जुनंच आहे.

इथे क्रिकेटवाल्यांसाठी एक गोष्ट. बेसबॉलमध्ये मॅच सुरू करणाऱ्या पिचरने निदान पाच-सहा इनिंग ओढाव्यात अशी अपेक्षा असते. एकदा बाहेर काढलं की तो परत येऊ शकत नाही. बुमराहचा दुसरा स्पेल नंतरसाठी राखून ठेवला, असला प्रकार इथे नाहीच. त्यामुळे तीन इनिंगनंतर स्टार्टर गेला, की उरलेल्या सहा इनिंगचं ओझं बुलपेनवर, म्हणजे राखीव पिचर्सवर पडतं.

त्या सहा इनिंगमध्ये पाद्रेसने किती रन केले? शून्य. ब्रेझियर, व्हेसिया, फिलिप्स, कोपेक आणि ट्रायनन यांनी एकामागून एक दार बंद करत नेलं. दरम्यान चौथ्या इनिंगमध्ये तिओस्कर हर्नांडेझच्या दोन रनच्या फटक्याने डॉजर्स ६-५ असे पुढे गेले. घोटा दुखावलेला असताना फ्रेडी फ्रीमन खेळला, हिट्स मारले, वर बेसही चोरला. शेवटचे पाच गडी ट्रायननने बाद केले, आणि त्यातला शेवटचा होता मचाडो, स्ट्राइकआऊट!

आता कुणी म्हणेल, जिंकलो ना, मग झालं! इतकं सोपं नाही. २०२२ आठवा. तेव्हा डॉजर्सने १११ मॅचेस जिंकल्या होत्या, समोर हेच पाद्रेस होते आणि पहिली मॅच ५-३ अशी आपणच जिंकलो होतो. पुढच्या तिन्ही हरलो आणि घरी आलो. २०२३ मध्ये तर ॲरिझोनाने ३-० असा सुपडा साफ केला. त्या तीन मॅचेसमध्ये आपल्या तिन्ही स्टार्टर्सनी मिळून पाच इनिंगही पूर्ण केल्या नाहीत आणि १३ रन दिले. दुखणं तेव्हाही बॅटिंगचं नव्हतं फक्त, स्टार्टर्सचं होतं. २०२४ मध्ये ग्लासनाऊ, कर्शॉ आणि गॅव्हिन स्टोन तिघंही दुखापतीमुळे बाहेर होते. म्हणजे दुखणं बरं झालेलं नाही, रविवारी फक्त त्यावर पट्टी बांधली गेली.

मग ही पट्टी टिकेल का? पाच मॅचेसच्या सिरीजमध्ये कदाचित टिकेल, कारण दुसऱ्या मॅचनंतर एक दिवस सुट्टी आहे आणि चौथ्यानंतर आणखी एक. पण पाद्रेसच्या बॅटर्सनी एकदा हे पाचही जण पाहून घेतलेत. तोच पिचर, तोच बॉल दुसऱ्या-तिसऱ्यांदा समोर आला की बॅटरला अंदाज यायला लागतो. त्यात या सीझनमध्ये दोघांच्या १३ मॅचेसपैकी ८ पाद्रेसने जिंकल्यात. ही टीम घाबरणारी नाही.

आपल्या फॅन्ससाठी यात एक जुनी सलही आहे. २०२४ च्या आधी डॉजर्सने पूर्ण लांबीच्या सीझनमध्ये वर्ल्ड सिरीज शेवटची जिंकली होती ती १९८८ मध्ये. २०२० मध्येही जिंकली, पण कोव्हिडमुळे तो सीझन ६० मॅचेसचाच होता आणि विरोधक ते ऐकवायची एकही संधी सोडत नाहीत.

म्हणूनच दुसऱ्या मॅचमध्ये स्कोअरबोर्डवर ओतानीचं नाव शोधण्याआधी एक गोष्ट बघा: स्टार्टर जॅक फ्लॅहर्टी किती इनिंग टिकतो. सहाव्या इनिंगपर्यंत गेला तर बुलपेनला श्वास घ्यायला मिळेल आणि ही सिरीज आपली होऊ शकते. तिसऱ्यातच फोन वाजला, तर ओतानीने आणखी दोन मारले तरी २०२२ ची आठवण यायला वेळ लागणार नाही.